इर्माच्या फ्रिजला पाडलेलं भोक

"भोक पाडायला अक्कल लागत नाही. कुठे पाडू नये, हे कळायला लागते!"

शुक्रवारी संध्याकाळी गावच्या खानावळीत, तळलेल्या माशाचा तुकडा काट्यावर नाचवत लाइल प्रोखनावने हे वाक्य टाकलं आणि अख्खं टेबल गप्प झालं. वाक्य भलतंच परिणामकारक झालं असं लाइलला वाटलं. खरं म्हणजे सगळ्यांच्या तोंडात मासा होता.

नॉयबर्ग हे शेबॉयगन शहराच्या पश्चिमेचं एवढंसं गाव. माणसांपेक्षा गाई जास्त, आणि गाईंपेक्षा घरी बीअर बनवणारे जास्त. घरी बीअर बनवणारा माणूस चार-पाच वर्षं मुकाट्याने बाटल्या धुतो, भरतो, बुचं मारतो. मग एके दिवशी त्याचं डोकं फिरतं आणि तो तळघरातला जुना फ्रिज रिकामा करून त्यात बीअरची दोन स्टीलची पिंपं बसवतो, शेजारी गॅसचा छोटा सिलिंडर ठेवतो आणि फ्रिजच्या अंगाला भोक पाडून बाहेर तोटी काढतो. मग काय, तोटी ओढायची आणि ग्लास भरायचा! गावात दातांच्या डॉक्टरने हे केलं होतं, शाळेच्या बसवाल्याने केलं होतं, पाद्रीबाबांनीही केलं होतं. लाइलच्या शेजारच्या ग्लेन युटेक्टकडे तर दोन तोट्या होत्या.

राहिला होता एकटा लाइल. कारण लाइल जपून वागणारा माणूस. घरात माणसं दोन आणि धुराची सूचना देणारे भोंगे नऊ! कांदा चिरताना तो सुताराचा चष्मा लावायचा, शिडीवर चढण्यापूर्वी बायकोला सांगून यायचा आणि दुसऱ्या पायरीवरून परत उतरायचा. गाव हसायचं, पण छप्पन्न वर्षांत त्याचं एक हाड मोडलं नव्हतं, आणि या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता.

"रविवारी सासऱ्यांचा, एमिलचा, ऐंशीवा वाढदिवस आहे," त्याने टेबलावर जाहीर केलं. "त्यांचा पहिला ग्लास माझ्या तोटीतून निघणार!"

"कुठल्या फ्रिजच्या तोटीतून?" ग्लेनने विचारलं.

"तळघरातल्या. त्या हिरव्या."

या वेळी टेबल खरोखरच गप्प झालं.

"इर्माच्या?" ग्लेन हळूच म्हणाला. "अरे, त्यात तो केक आहे ना?"

लाइलने घोट घेतला. घोट नीट गेला नाही.

तर, त्या केकबद्दल. इर्मा म्हणजे लाइलची सासू. मोठी प्रेमळ बाई. दर जूनमध्ये, अंगणातला रुबार्ब वाढला की ती त्याच्या आंबट लाल देठांचा केक करायची. दोन वर्षांपूर्वी तिने असाच एक केक जास्तीचा केला, चंदेरी कागदात गुंडाळला, वर कागदी चिकटपट्टी लावून आपल्या गोलमटोल अक्षरात लिहिलं, 'रुबार्ब. एमिलसाठी', आणि आपल्या शेवाळी हिरव्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. ऑगस्टमध्ये ती गेली. एमिल वृद्धांसाठीच्या छोट्या घरात राहायला गेला, आणि पंचेचाळीस वर्षं अखंड घरघरणारा तो फ्रिज केकसकट लेकीच्या, म्हणजे मार्लिसच्या, तळघरात आला.

तेव्हापासून दर रविवारी चर्चमधून एमिल इथे जेवायला यायचा. आधी एकटाच जिना उतरून तळघरात जायचा. कप्पा उघडायचा, केककडे बघायचा. पुन्हा बंद करून वर यायचा आणि न बोलता खुर्चीत बसायचा. त्या वेळी मार्लिस डोळे पुसायची, आणि लाइल बटाट्यांकडे बघत बसायचा. केक कुणी खायचा नव्हता आणि कुणी टाकायचाही नव्हता. तो नुसता असायला हवा होता.

म्हणूनच मार्लिसने परवानगी देताना आवाज चढवला नव्हता. फार वाईट लक्षण!

"खालचा भाग तुझा," ती म्हणाली होती. "पिंपं ठेव, तोटी लाव, काय हवं ते कर. पण वरच्या कप्प्यातला बर्फ जरी वितळला ना लाइल, तर मी ओरडणार नाही."

"नाही?"

"नाही. मी डॅडला फोन करेन. आणि काय झालं ते तू त्याला सांगायचंस. तुझ्या तोंडाने."

त्या क्षणापासून लाइल मनातल्या मनात ते सांगून बघू लागला. त्याने डोळ्यांसमोर आणून पाहिलं. एमिल खुर्चीत बसलाय, हात मांडीवर आहेत, आणि आपण म्हणतोय, "एमिल, तुमच्या इर्माच्या हातची शेवटची गोष्ट..." पुढचं वाक्य त्याला कल्पनेतसुद्धा पुरं करता येईना.

पण गावासमोर बढाई मारून झाली होती!

शनिवारी दुपारी मार्लिस चर्चमधल्या बायकांबरोबर गोधड्या शिवायला गेली आणि लाइल तळघरात उतरला. चष्मा, हातमोजे, कानांत बोळे, पायात जाड बूट. केक आधी काढून वर ठेवावा का? त्याने विचार केला. नको. जिन्यावर पाय घसरला तर? केक आपला आहे तिथेच बरा.

आता फ्रिजला भोक पाडण्यातली खरी भीती एकच. पत्र्याच्या आत, कुठे ते बाहेरून दिसत नाही, गार करणाऱ्या गॅसच्या बारीक नळ्या फिरवलेल्या असतात. ड्रिलचं टोक नळीला लागलं की संपलं. फ्रिजने डोळे मिटलेच! पण त्यावर नॉयबर्गच्या बीअरवाल्यांकडे एक युक्ती होती. कॉर्नफ्लोअर स्पिरिटमध्ये कालवायचं आणि फ्रिजच्या अंगाला बाहेरून लेप द्यायचा. आतल्या नळ्या गरम असतात, त्यामुळे नळीवरचा लेप आधी वाळतो. पत्र्यावर पांढऱ्या रेघा उमटतात. रेघा सोडून भोक पाडायचं, बस्स!

लाइलने लेप कालवला. मग ओल्या हाताकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं, भिंतीतल्या विजेच्या प्लगकडे पाहिलं, आणि त्याच्या अंगावर काटा आला. ओला हात आणि वीज! असल्या चुकांनीच माणसं मरतात. त्याने प्लग काढला, वायर गुंडाळली आणि वर तीन पदरी चिकटपट्टी लावली. तासाभराचा तर प्रश्न. कप्प्यात बर्फ चार बोटं जाड होता.

मग त्याने निवांत लेप दिला आणि समोर पिंपावर बसून वाट पाहिली.

लेप वाळला. डावीकडे वाळला, उजवीकडे वाळला, वर वाळला, खाली वाळला. सगळा एकदम, एकसारखा, पांढराशुभ्र. रेघ म्हणून एक नाही!

"नळ्याच नाहीत!" लाइल आनंदाने ओरडला. "जुना माल! सगळं मागच्या बाजूला असणार!"

त्याने फोटो काढून ग्लेनला पाठवला. ग्लेनने अंगठा पाठवला. लाइलने आणखी दोनदा हात फिरवून पाहिला, देवाचं नाव घेतलं आणि ड्रिल टेकवलं.

पत्रा गेला. आतला पिवळा भुसभुशीत थर गेला. लाइलच्या चेहऱ्यावर हसू आलं. आणि मग...

फुस्सऽऽऽऽ!

चष्म्यावर तेलकट तुषार उडाले. लाइलच्या हातून ड्रिल पडलं, पायावरच पडलं, पण बूट जाड होते. फ्रिज फुसफुसत राहिला. लाइलची पाचावर धारण बसली. कुठेतरी वाचलेलं सगळं एका क्षणात आठवलं: जुने फ्रिज, विषारी गॅस, जड असतो, जमिनीलगत साचतो, माणसाला कळतही नाही! त्याने श्वास रोखला आणि जिन्याच्या पायऱ्या तीन-तीन करत अंगणात आला. छप्पन्न वर्षांत तो असा पळाला नव्हता.

अंगणात आल्यावर त्याने श्वास सोडला. जिवंत होता. वाचला! मग त्याला केक आठवला.

खाली विष. आणि विषाला भिऊन इथेच थांबावं तर संध्याकाळपर्यंत बर्फ वितळणार, मार्लिस फोन करणार आणि एमिल त्या खुर्चीत येऊन बसणार. लाइलने दोन्ही भीती मनातल्या मनात तोलून पाहिल्या. विष हलकं निघालं.

नाकातोंडाला ओला टॉवेल बांधून तो पुन्हा खाली गेला. कप्पा उघडला आणि दोन्ही हातांनी केक ओढला. केक हलेना! दोन वर्षांच्या बर्फाने त्याला चारी बाजूंनी मिठी मारली होती. लाइलने ओढलं, हलवलं, विनवलं. टॉवेल तोंडात जात होता आणि मागे फुसफुस चालूच होती. शेवटी एका हाताने केक धरून दुसऱ्या हाताने त्याने ग्लेनला फोन लावला.

"ग्लेन! तळघरात गॅस सुटलाय!"

"काय? बाहेर ये! आधी बाहेर ये!"

"नाही येता येत! अडकलंय! सोडून येऊ शकत नाही!"

"कोण अडकलंय? लाइल? लाइल!"

पण टॉवेल तोंडात गेल्यामुळे लाइल फक्त गुदमरल्यासारखा आवाज काढू शकला, आणि फोन बर्फात पडला.

आता ग्लेन युटेक्ट हा नुसता शेजारी नव्हता. नॉयबर्गच्या स्वयंसेवक अग्निशमन दलाचा तो कप्तान होता. त्याने बटण दाबलं. गावभर सात जणांच्या कमरेचे पेजर किंचाळले. दातांच्या डॉक्टरने रोग्याला उघड्या तोंडाने खुर्चीतच सोडलं. बसवाला गवत कापायचं यंत्र चालूच ठेवून पळाला. चार मिनिटांत लाल गाडी भोंगा वाजवत लाइलच्या दारात!

आणि नॉयबर्गमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या स्वयंपाकघरात एक छोटा रेडिओ असतो, ज्यावर अग्निशमन दलाचं बोलणं ऐकू येतं. सकाळपासून रात्रीपर्यंत तो चालू असतो. कुणाचं काय जळलं, कोण कुठे पडलं, हे सगळं त्यांना कुटुंबीयांच्याही आधी कळतं. एमिल गेर्बर कॉफीत बिस्किट बुडवत होता, तेवढ्यात रेडिओ खरखरला: "प्रोखनावांचं घर. तळघरात गॅसगळती. एक माणूस अडकलाय."

बिस्किट कॉफीत पडलं.

इकडे तळघरात तोंडाला मुखवटे लावलेले चार जण धाडधाड उतरले. बघतात तर लाइल बर्फाच्या कप्प्यात खांद्यापर्यंत शिरलेला!

"सोड ते!"

"नाही सोडणार! केक आहे!"

"याच्या मेंदूत गॅस गेलाय," दातांचा डॉक्टर म्हणाला. चौघांनी त्याला एकेका हातापायाला धरून उचललं आणि अंगणात आणून गवतावर टाकलं. घराची वीज तोडली, खिडक्या उघडल्या, दारात गाडीवरचा मोठा पंखा लावला.

"दोन तास कुणी आत जायचं नाही," ग्लेनने हुकूम सोडला. "नियम आहे."

"दोन तास!" लाइल रडकुंडीला आला. "अरे, बाहेर ऊन बघ! बर्फ वितळेल!"

ग्लेनने त्याच्या तोंडावरचा टॉवेल काढला, त्याला पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. मग तो बुचकळ्यात पडला.

"पण मी फोटो पाहिला होता. एक रेघ नव्हती. लेप नीट लावला होतास?"

"एकदम नीट."

"मग? वाळताना फ्रिज चालू होता ना?"

"छे! वेडा आहेस का? ओले हात! सुरक्षिततेसाठी मी आधीच प्लग काढला होता."

सातही अग्निशामकांच्या घरी तोटीवाले फ्रिज होते. बसवाल्याने डोक्यावरचं शिरस्त्राण पुढे ओढून चेहरा झाकला. त्याचे खांदे हलत होते.

"लाइल," ग्लेन अगदी मायेने म्हणाला, "बंद फ्रिजच्या नळ्या गरम कशा होतील रे?"

छप्पन्न वर्षं ज्या जपणुकीवर लाइल जगला होता, तिनेच त्याचा गळा धरला होता. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की तळघरात पुन्हा जाऊन बसावंसं वाटलं.

तेवढ्यात मार्लिसची गाडी आली; एमिलने फोन करून तिला चर्चमधून बोलावलं होतं. तिच्या बोटात अजून अंगुस्तान होतं. शेजारच्या सीटवरून एमिल उतरला, पायात घरातल्या सपाता. मार्लिसने लाइलला नखशिखांत पाहिलं, जिवंत आहे याची खात्री केली, घट्ट मिठी मारली आणि मग त्याच मिठीत कानाशी विचारलं,

"कप्पा?"

लाइलने मान खाली घातली. तिने मिठी सोडली.

"सांग त्याला," ती म्हणाली.

मग दोन तास पुरे होईपर्यंत लाइल चालढकल करत राहिला. ग्लेन आत गेला आणि हातात चंदेरी पुडकं घेऊन बाहेर आला. पुडक्यातून थेंब थेंब लालसर पाणी गळत होतं. 'रुबार्ब. एमिलसाठी' ची शाई पसरली होती. सातही जणांनी डोक्यावरची शिरस्त्राणं काढून हातात घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, पण काढली.

एमिल अंगणातल्या लाकडी बाकावर बसला. हात मांडीवर. अगदी तसाच, जसा लाइलने डोळ्यांसमोर आणला होता. लाइल गवतातच त्याच्यासमोर बसला.

"एमिल, मी... तुमच्या फ्रिजला भोक पाडलं."

"बंद पडला?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. गॅस सगळा गेला."

"दुरुस्त नाही व्हायचा?"

"नाही व्हायचा. माझी चूक आहे. मला माफ करा, एमिल. मी मूर्ख आहे."

एमिलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या छातीतून एक लांबलचक श्वास बाहेर आला. मार्लिस हुंदका देऊन त्याच्या शेजारी बसली. मग एमिलने हात खाली घेतले आणि म्हणाला,

"काटा आणा."

बसवाला धावत जाऊन काटा घेऊन आला. एमिलने पुडकं मांडीवर घेतलं, पसरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, अगदी सावकाश, आणि कागद सोडला. एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीच चव," तो म्हणाला.

मार्लिसने त्याचा दंड धरला.

"भयंकर!" एमिल म्हणाला.

"काय?" मार्लिस दचकली.

"भयंकर, पोरी. साखर कमी, सोडा जास्त, मधून कच्चा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी तिला 'छान झालाय' म्हणालो. नवी नवरी, तोंडाकडे बघत उभी. काय म्हणणार? त्यानंतर मागे फिरायला वाटच राहिली नाही. एकावन्न वर्षं, दर जूनला!"

"पण डॅड, तू दर रविवारी खाली जाऊन..."

"फ्रिज मेला का ते बघायला जायचो," एमिल म्हणाला. "तिने माझं नाव लिहून ठेवलेला केक. टाकायची छाती झाली नाही, खायचीही झाली नाही. म्हटलं, एक दिवस हा डबा आपणहून बंद पडेल, मग माझ्यावर ठपका नाही. पण कसला बंद पडतोय! दर रविवारी आपला घर्र घर्र! तिच्यासारखाच चिवट."

बोलता बोलता त्याने दुसरा घास घेतला. मग तिसरा. कुणी हसलं नाही. तोंड वाकडं करत, डोळे पुसत, एमिलने तो केक शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, आणि कागदावरची ती चिकटपट्टी अलगद सोडवून सदऱ्याच्या खिशात ठेवली. इर्मावर त्याचा फार जीव होता. केकवर नव्हता, इतकंच.

लाइलला एकदम इतकं हलकं वाटलं, की त्याला हसू फुटेल अशी भीती वाटू लागली. मार्लिस मात्र वडिलांकडे रोखून बघत होती. मग तिने नाक पुसलं, उभी राहिली आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"दोन वर्षं बर्फात पडून खराब झाला असणार तो," ती ठामपणे म्हणाली. "आईचा हात असा नव्हताच. मला तिची कृती तोंडपाठ आहे. उद्या वाढदिवसाला ताजा करते. आणि आता दर जूनला करणार. तुम्हीही या रे सगळे!"

सात अग्निशामकांनी आपापल्या पेजरकडे मोठ्या आशेने पाहिलं. गावात कुठेच आग लागली नव्हती.

"छान!" एमिल एकावन्न वर्षांच्या सवयीने म्हणाला.

"छान!" लाइलही म्हणाला. म्हणता म्हणताच आपण काय करून बसलो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि दिवसभराची सगळी भीती एकदम परत आली.

मार्लिस रुबार्ब कापायला परसात गेली. ती दिसेनाशी झाल्यावर एमिल बाकावरून वाकला आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

"लाइल, वरचा तो ओव्हन किती वर्षांचा झाला रे?"

"नवाच आहे. का हो?"

"काही नाही," एमिल हळूच म्हणाला. "तुझ्या हाताला गुण आहे. बघ उद्या सकाळपर्यंत काही जमतंय का."